गाठीचा टाका: बाभळीचं फूल आणि शाळूचं कणीस

भरतकामात फ्रेंच नॉट जमत नाही म्हणून फुलाच्या मधोमध मणी लावून वेळ भागवणारे खूप जण आहेत. मण्याला माझा विरोध नाही, पण दोऱ्याच्या गाठीला जो मऊ, उबदार उंचवटा असतो तो मण्याला कधीच येत नाही. गाठ बिघडण्याचं कारणही बहुतेक वेळा सुई धरणाऱ्या हातात नसतं. ते दुसऱ्या हातात असतं. उजव्या हाताने भरणाऱ्यांचा डावा हात दोरा ताणून धरतो आणि गाठ तोच घडवतो. दोरा किती ताणायचा आणि कुठल्या क्षणी सोडायचा, एवढं त्या हाताला समजलं की गाठी एकसारख्या पडायला लागतात.

आपल्याकडे फ्रेंच नॉटला सरळ ‘गाठीचा टाका’ म्हणतात. कलोनियल नॉटला मात्र इंग्रजी नावानेच हाक मारावी लागते. दोन्ही लांबून सारख्या दिसतात, म्हणून ‘एक आली की पुरे’ असं वाटतं. तसं नाही. फ्रेंच नॉटमध्ये दोरा सुईभोवती एकाच दिशेने, स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. वेढे एकमेकांना अडकलेले नसतात, त्यामुळे गाठ मऊ बसते, मधे बारीकशी खळी पडते आणि हवी तशी सैल किंवा घट्ट ठेवता येते. कलोनियलमध्ये दोरा सुईभोवती इंग्रजी आठाच्या आकारात जातो. एक वळसा दुसऱ्याला अडवतो, म्हणून ती सुईवरून घसरत नाही, कापडावर ताठ आणि उंच उभी राहते, आणि शंभर गाठी घातल्या तरी शंभरावी पहिलीसारखीच दिसते. भुरभुरीत, लोकरीसारखं काही हवं असेल तर फ्रेंच, दाण्यासारखं टणक हवं असेल तर कलोनियल, असा माझा साधा हिशोब आहे. खाली दिलेले दोन नमुने याच हिशोबाने निवडले आहेत.

नावाचं थोडं सांगायला हवं. कलोनियल नॉट ही अमेरिकेतल्या कँडलविकिंग या कामाची मुख्य गाठ. कोऱ्या, न धुतलेल्या जाड सुती कापडावर मेणबत्तीच्या वातीचा मऊ सुती दोरा वापरून पलंगपोस भरायचे, म्हणून हे नाव. आयर्लंडमधल्या माउंटमेलिक गावात १८२५च्या सुमारास सुरू झालेल्या पांढऱ्यावर पांढऱ्या भरतकामात फ्रेंच नॉट भरपूर दिसतात. आणि आपल्या जवळचं पाहायचं तर लखनवी चिकनकारीतला फंदा बघा, बाजरीच्या दाण्यासारखा गोल. त्याचीच जोडीदार मुर्री ही तांदळासारखी लांबट. मुंबईच्या पारशी घरांत जपलेल्या गाऱ्यांवर, म्हणजे भरलेल्या साड्यांवर, खाखा नावाचा टाका असतो, तीही गाठच. ती चिनी पद्धतीची, एका फासाची आणि चपटी. एखादा जुना गारा प्रदर्शनात दिसला तर भिंगातून बघा. रेशमाच्या एका पदराने घातलेल्या त्या गाठी इतक्या शिस्तीत बसलेल्या असतात की कापड विणतानाच आल्यात असं वाटावं.

आता सामान. इथे काटकसर करू नका, कारण अर्ध्या तक्रारी सामानाच्याच असतात. सुई सर्वांत महत्त्वाची. भरतकामाच्या नेहमीच्या सुईचं नेढं लांबट असतं आणि तिथे सुई फुगीर असते. वेढे सुईच्या बारीक भागावर घट्ट बसतात, नेढ्यापाशी येऊन अडकतात, मग आपण ओढतो आणि गाठ चुरगळते. यावर उपाय मिलिनर सुईचा. तिला स्ट्रॉ नीडल असंही म्हणतात. ती लांब असते, नेढं गोल आणि छोटं असतं, आणि टोकापाशी निमुळती झाली तरी पुढे नेढ्यापर्यंत तिची जाडी सारखीच राहते. वेढे तिच्यावरून अलगद उतरतात. एका पदरासाठी १० नंबर, दोन पदरांसाठी ८ किंवा ९, तीन पदरांसाठी ५ ते ७, आणि सहाच्या सहा पदर घ्यायचे तर १ किंवा ३ नंबर. सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे विसरायचं नाही. ओवायला ही सुई थोडी त्रास देते. दोऱ्याचं टोक तिरकं कापा, चिमटीत चपटं करा आणि नेढंच दोऱ्यावर चढवा.

दोरा साधा सहा पदरी सुती. लडी आठ मीटरची असते. एका वेळी ४५ सेंटीमीटरपेक्षा लांब तुकडा घेऊ नका, म्हणजे बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. गाठीच्या कामात दोरा पुन्हा पुन्हा त्याच जागेतून घासला जातो, त्यामुळे लांब दोऱ्याची चमक शेवटाकडे उतरते आणि शेवटच्या गाठी केसाळ दिसतात. दोन पदर हवे असले तरी एकदम दोन ओढून काढू नका. एकेक पदर वेगळा काढून मग ते शेजारी ठेवून एकत्र करा. एकत्र ओढलेले पदर एकमेकांभोवती पिळलेले राहतात आणि गाठीत एक पदर वर, एक खाली असा वेडावाकडा बसतो. पर्ल कॉटन वेगळा असतो. तो पीळदार आणि न सुटणारा, त्याचे पदर काढायचे नसतात. त्याचा ८ नंबर कलोनियल नॉटसाठी अगदी योग्य. गाठीचे वळसे त्यात कोरल्यासारखे उठून दिसतात.

कापड घट्ट विणीचं हवं: पॉपलिन, केसमेंट, लिनन, मध्यम जाडीची खादी. मलमल किंवा जॉर्जेटवर गाठ मागे निसटते. हट्टाने त्यावरच भरायचं असेल तर मागून ऑर्गंडीचा किंवा मऊ सुती कापडाचा थर लावून दोन्ही एकत्र रिंगमध्ये ताणा. मॅटीवर भोकातून भोकात सुई घातलीत तर गाठ हमखास गायब होते. तिथे सुई परत घालताना भोक सोडून शेजारच्या विणलेल्या चौकोनाच्या मधोमध टोचा. रिंग नमुन्यापेक्षा मोठी घ्या, म्हणजे भरून झालेल्या गाठींवर ती कधी चढवावी लागणार नाही. आतल्या वर्तुळाला सुती पट्टी गुंडाळली की कापड सरकत नाही. कापड डफासारखं वाजलं पाहिजे. सैल कापडावर गाठ खाली ओढली जाते आणि आजूबाजूला चुण्या पडतात. या टाक्याला दोन्ही हात मोकळे लागतात, तेव्हा रिंग टेबलाच्या कडेला टेकवून तिच्यावर एखादं जड पुस्तक ठेवा.

फ्रेंच नॉट अशी. सुई खालून वर काढा, दोरा पूर्ण ओढून घ्या. कापडापासून तीन-चार सेंटीमीटरवर दोरा डाव्या हाताच्या चिमटीत धरा, ताठ पण तारेसारखा नाही. सुई आडवी धरून दोऱ्याला टेकवा आणि डाव्या हाताने दोरा सुईभोवती दोनदा गुंडाळा. इथे सुई फिरवायची नाही, दोरा फिरवायचा. गुंडाळण्याची दिशा कुठलीही चालेल, पण एका कामात एकच ठेवा, नाहीतर गाठी दोन तऱ्हेच्या दिसतात. आता सुईचं टोक, दोरा जिथून वर आलाय त्याच्या शेजारी, कापडाचे एक-दोन धागे सोडून टेकवा आणि सुई उभी करा. डाव्या हाताने दोरा हलकेच ओढला की वेढे सुईवरून घसरत कापडावर येऊन बसतात. हाच तो क्षण. वेढे कापडाला टेकलेले दिसल्याशिवाय सुई खाली ढकलायची नाही. टेकले की सुई मागे काढा आणि दोरा ओढत असताना डाव्या अंगठ्याने तो कापडाजवळ दाबून ठेवा. वर फक्त बोटभर फास उरला की मग अंगठा उचला. आधी उचललात तर गाठीच्या कडेला एक कान उभा राहतो, आणि तो नंतर कितीही दाबला तरी बसत नाही.

कलोनियलसाठी दोरा तसाच वर काढा, पण तो डावीकडे सैलसर धरा. सुईचं टोक दोऱ्यावरून पलीकडे न्या आणि दोरा कापडातून जिथे वर येतो, तिथेच त्याच्याखाली अडकवा. सुईवर आता एक वळसा आला. मग डाव्या हातातला दोरा सुईच्या टोकावरून न्या आणि टोकाखालून परत फिरवा. सुईभोवती आठाचा आकार दिसायला हवा. दिसत नसेल, नुसते दोन समांतर वेढे दिसत असतील, तर हातून फ्रेंच नॉट झाली आहे, सोडा आणि पुन्हा करा. आता टोक शेजारी एक-दोन धागे सोडून टोचा, दोरा ओढून आठ कापडावर नीट आवळा, आणि सुई मागे काढा. पहिल्या दहा-बारा गाठी बोटं गोंधळतात. त्यानंतर हाताला एक लय येते: अडकव, वरून, खालून, टोच. ही लय लागली की कलोनियल फ्रेंचपेक्षा भरभर होते, कारण वळसे सुईवर आपोआप अडकून राहतात आणि डाव्या हातावरचा ताण कमी होतो. डावखुऱ्यांनी दोन्ही गाठींत सगळं आरशातल्यासारखं उलट करायचं, दोरा उजवीकडे धरायचा.

गाठीचं माप पदरांनी ठरवा, वेढ्यांनी ठरवू नका. मोठी गाठ हवी म्हणून चार-पाच वेढे घातले की ती उभी न राहता आडवी पडते, अळीसारखी. दोन वेढे हीच मर्यादा मानावी. मापाचा अंदाज स्वयंपाकघरातून घेता येतो. एक पदर, एक वेढा म्हणजे खसखस. दोन पदर, दोन वेढे म्हणजे मोहरी. तीन पदरांची कलोनियल म्हणजे साधारण बाजरी. सहा पदरांची कलोनियल ज्वारीच्या दाण्याजवळ जाते. नमुना सुरू करण्याआधी त्याच कापडाच्या कोपऱ्यावर या चार-पाच मापांची एक ओळ भरून ठेवा आणि प्रत्येक गाठीखाली पेन्सिलने पदर-वेढे लिहा. हाताच्या ताणाप्रमाणे प्रत्येकीची मोहरी वेगळी येते.

बाभळीचं फूल

फ्रेंच नॉटसाठी बाभळीसारखं फूल नाही. नुसता पिवळा गोंडा, पाकळ्यांची भानगड नाही, आणि खऱ्या फुलाचं माप जेमतेम सव्वा ते दीड सेंटीमीटर असल्यामुळे ते जसंच्या तसं कापडावर उतरवता येतं. आठ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. त्याच्याबाहेर तीन मिलिमीटरवर दुसरं, अगदी फिकं वर्तुळ. बाहेरचं वर्तुळ फक्त अंदाजासाठी आहे.

रंग तीन. डीएमसी या दोरे बनवणाऱ्या कंपनीच्या नंबरांत सांगायचं तर ७४४ फिका, ७४३ मधला, ७८३ मातकट गडद. अँकर या दुसऱ्या कंपनीचे नंबर वेगळे असतात, तेव्हा अँकरच्या लड्या घेताना दिवसाच्या उजेडात नजरेने जुळवा. तिन्ही पिवळे एकमेकांच्या जवळचे असावेत. लांबचे घेतलेत तर फुलाचा झेंडू होतो.

आधी बाहेरचे केसर. एक पदर ७४३ घ्या. सुई आतल्या वर्तुळावर वर काढा, दोन वेढे घाला, पण सुई शेजारी न टोचता बाहेरच्या वर्तुळावर, तीन मिलिमीटर दूर टोचा. वेढे घसरत तिथपर्यंत न्या आणि मग सुई खाली घाला. एक बारीक काडी आणि तिच्या टोकाला खसखशीएवढी गाठ दिसेल. याला पिस्टिल स्टिच म्हणतात. वर्तुळाभोवती असे सोळाएक टाके येतात. त्यांची लांबी मुद्दाम थोडी कमीजास्त ठेवा. सगळे एका मापाचे झाले की फूल सायकलच्या चाकासारखं दिसतं.

मग आतलं वर्तुळ. ७४३चे दोन पदर, एक वेढा, आणि पहिल्यांदा कडेवरच्या गाठी, केसरांची मुळं झाकतील अशा. कड आधी भरली की गोलाई सांभाळली जाते. मधून सुरुवात केली तर गाठी एकमेकींना बाहेर ढकलतात आणि शेवटी वर्तुळ बटाट्यासारखं होतं. कड झाल्यावर आत दोन पदर, दोन वेढे. फुलाच्या वरच्या बाजूला तीन-चार गाठी ७४४च्या आणि खालच्या उजव्या बाजूला चार-पाच ७८३च्या घातल्या की गोंडा चेंडूसारखा फुगलेला वाटतो. या गाठी थोड्या सैल ठेवा. इथे शिस्त नको. वर्तुळात एकंदर अठरा-वीस गाठी मावतात. त्याहून जास्त कोंबल्या तर कापड फुग्यासारखं वर येतं आणि रिंगमधून काढल्यावर फुलाभोवती सुरकुती राहते.

बाभळीला फुलं एकटी नसतात, पानाच्या बगलेतून दोन-तीन एकत्र येतात. तेव्हा तीन फुलांचा झुबका करा, एक थोडं लहान. देठ एका पदराच्या स्टेम स्टिचने, म्हणजे एकाला एक चिकटून पुढे सरकणाऱ्या तिरक्या टाक्यांच्या रेघेने. पानांसाठी मधली शीर काढून दोन्ही बाजूंनी दोन मिलिमीटरचे सरळ टाके, पिसासारखे. आणि पानाच्या बुंध्याशी जोडीने येणारे पांढुरके काटे विसरू नका, फिक्या राखाडी एका पदराचे दोन सरळ टाके, व्ही आकारात. काट्यांमुळेच ते फूल बाभळीचं आहे हे बघणाऱ्याला कळतं.

शाळूचं कणीस

इथे कलोनियलच हवी. शाळूचा दाणा टपोरा, मोत्यासारखा असतो, फ्रेंच नॉट घातली तर कणीस लोकरीचं वाटतं. कणसाची उंची चार सेंटीमीटर, मधे रुंदी अठरा मिलिमीटर, खाली थोडं गोलसर, वर निमुळतं. पर्ल कॉटन ८ नंबर, सायीच्या रंगाचा. तो मिळाला नाही तर सहा पदरी दोऱ्याचे तीन पदर. डीएमसी ७१२ सायीसारखा, ७३९ किंचित पिवळसर, ७३८ त्याहून गडद. कापड मात्र पांढरं नको. मळकट मातीचा रंग, गर्द निळी खादी किंवा मरून रंग, यांवर दाणे उठून दिसतात.

या नमुन्यात बाहेरची रेघ काढून आत मनाने भरू नका. प्रत्येक दाण्याचा ठिपका काढा. ठिपक्यांत अडीच मिलिमीटर अंतर, आणि ओळी विटांच्या बांधकामासारख्या, म्हणजे खालच्या ओळीतल्या दोन दाण्यांच्या मधल्या फटीवर वरचा दाणा. सरळ रेषेत एकाखाली एक दाणे आले तर मक्याचं कणीस होतं. सगळे मिळून शंभराच्या आसपास दाणे होतात. ४५ सेंटीमीटरच्या तुकड्यात साधारण वीस कलोनियल गाठी निघतात, तेव्हा सव्वादोन मीटर दोरा बाजूला काढून ठेवा.

टोकाकडून सुरुवात करून देठाकडे या, ओळीने, एकदा डावीकडून उजवीकडे, मग परत. दर आठ-दहा गाठींनंतर रिंग उलटी करून सुई लोंबती सोडा. ती गरगर फिरून आपोआप थांबेल. वळसे घालताना दोऱ्याचा पीळ वाढतो किंवा सुटतो, आणि तो मोकळा केला नाही तर दोरा मधेच स्वतःभोवती गुंडाळून गाठ पडते. कडेचे दाणे ७३८मध्ये, आतले ७३९, आणि पोटावरचे ७१२मध्ये घातले की कणसाला गोलवा येतो. सगळे भरून झाल्यावर पोटाच्या भागात, दाण्यांमधल्या फटींतून सुई काढून दहा-बारा दाणे वरून आणखी घाला. हा दुसरा थर फार सुंदर दिसतो. बोट फिरवलं तर खऱ्या कणसासारखं खडबडीत लागतं. शेवटी दाण्यांच्या मधून, कडेला, एका पदराच्या फिक्या तपकिरी रंगाचे चार-पाच छोटे सरळ टाके द्या, कुसासारखे. देठ तीन पदरी स्टेम स्टिच, आणि खाली वाकलेलं एक लांब पान.

हुरड्याचं कणीस करायचं तर दाणे ३३४८ या फिक्या पोपटी रंगात आणि कडेला ३३४७. हुरड्यात काही दाणे किंचित लहान ठेवा, दोन पदरांचे. कोवळेपणा त्यातून येतो.

नावाचा अनुस्वार

रुमालावर, पिशवीवर नाव भरताना देवनागरीत एक गाठ हक्काची असते. आनंदी, मंदार, गंगा: शिरोरेघेवरचा तो ठिपका सॅटिन स्टिचने, म्हणजे लागून लागून घातलेल्या सरळ टाक्यांनी, भरायला गेलं की हमखास चौकोनी होतो. तिथे गाठच घाला. अक्षरं दोन पदरी स्टेम स्टिचने असतील तर ठिपका तीन पदरांचा, कलोनियल. अक्षराएवढ्याच जाडीचा ठिपका ठेवला तर तो दुरून दिसत नाही. शिरोरेघ आणि ठिपका यांत निदान दोन मिलिमीटर जागा सोडा, कारण गाठ उंच असल्याने ती आहे त्याहून जवळ भासते. पक्ष्याचा डोळा मात्र नेहमी फ्रेंच, एक पदर, एक वेढा, आणि तो सगळ्यांत शेवटी. डोळा एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की चिमणीचा चेहराच बदलतो.

बिघडलेल्या गाठीचं काय करायचं? गाठ पूर्ण आवळली नसेल, नुसता कान राहिला असेल, तर सुईच्या नेढ्याकडच्या बाजूने वेढा हलकेच उचलून मागून दोरा ओढून बघा, कधी कधी सावरते. आवळलेली गाठ उसवत नाही, उसवायचा प्रयत्न केला तर कापडाला भोक पडतं. बारीक टोकाच्या कात्रीने गाठ वरून, अगदी मधोमध कापा, मागून चिमट्याने तुकडे ओढून काढा. पण त्याआधी त्या गाठीच्या दोन्ही बाजूंचा दोरा मागे आधीच्या टाक्यांखालून ओवून पक्का करून घ्या, नाहीतर शेजारच्या गाठीही ढिल्या होतात. सुई मधेच अडकली तर जोर लावू नका. वेढे जास्त आवळले गेलेत. सुई किंचित मागे घ्या, बोटाने वेढे सैल करा, पुन्हा पुढे न्या. हे वारंवार होत असेल तर सुईचा नंबर एकाने खाली आणा, म्हणजे थोडी जाड सुई घ्या.

मागची बाजूही महत्त्वाची आहे. दोन गाठींमध्ये एक सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर दोरा तसाच ओढत नेऊ नका. पांढऱ्या कापडावर गडद दोरा पुढून सावलीसारखा दिसतो, आणि धुताना तो लांब धागा कशात तरी अडकून गाठ मागे खेचतो. दूरच्या प्रत्येक गाठीमागे एक बारीक टाका मारून दोरा तोडा. सुरुवात करतानाही दोऱ्याला गाठ मारण्यापेक्षा, जिथे गाठी येणार आहेत तिथेच कापडावर दोन सूक्ष्म उलटे टाके घ्या. ते नंतर झाकले जातात. बाळाच्या कुंचीवर, टोपड्यावर किंवा दुपट्यावर गाठी भरायच्या तर आतून मऊ मलमलचं अस्तर हवंच. मागचे धागे बाळाच्या अंगाला टोचतात. अभ्र्यावर गाठी फक्त कडेला. गालाखाली उंच गाठ आली की सकाळी गालावर नक्षी उमटते.

नमुना उतरवायला पाण्याने जाणारा निळा पेन सोयीचा आहे, पण तो धुवून जाईपर्यंत इस्त्री लावायची नाही, उष्णतेने रंग पक्का बसतो. उष्णतेने उडणाऱ्या पेनची रेघ थंडीत परत उमटू शकते, म्हणून भेट द्यायच्या वस्तूवर मी तो वापरायला सांगणार नाही. कापड भरण्याआधी भिजवून, वाळवून घ्या. अपवाद फक्त कँडलविकिंगच्या कोऱ्या कापडाचा. ते मुद्दाम न धुता भरतात, आणि नंतर धुतल्यावर कापड आटून गाठींना घट्ट धरतं.

भरून झाल्यावर थंड पाण्यात सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. लाल आणि मरून दोऱ्यांचा रंग जातो का हे आधी ओल्या पांढऱ्या चिंधीने तपासा. इस्त्री कापड थोडं ओलसर असतानाच, जाड टर्किश टॉवेल दुहेरी घालून, भरलेली बाजू खाली ठेवून, मागून. गाठी टॉवेलच्या लवेत रुततात आणि चपट्या होत नाहीत. पुढून इस्त्री फिरली की कलोनियलची सगळी उंची एका फटक्यात जाते. तशी गेलीच, तर कापड ओलं करून प्रत्येक गाठ बाजूने सुईच्या नेढ्याने उचकटून उभी करा आणि सपाट पसरून वाळू द्या. बहुतेक गाठी परत वर येतात.